लाखोळीची बंदी कुणाला वाचवते?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत दिवाळीच्या आगेमागे बांधावरून चालत गेले, तर पिवळ्या पडत चाललेल्या धानाच्या बुडाशी एक कोवळी हिरवी पालवी दिसते. कापणीला अजून आठ-दहा दिवस असतात, बांधीतले पाणी नुकतेच सोडलेले असते, चिखल पायाला धरत असतो, आणि त्याच चिखलात कुणीतरी मुठीमुठीने बी फेकून गेलेले असते. या पेरणीला उतेरा म्हणतात. तिला नांगरट लागत नाही, खत लागत नाही, वरून पाणीही द्यावे लागत नाही. धान घरी गेले की मागे उरलेल्या ओलीवर हे पीक थंडीभर वाढते, निळी फुले धरते आणि होळीच्या सुमारास दाणे होऊन घरात येते. झाडीपट्टीत त्याला लाखोळी म्हणतात, कुणी लाखोरी म्हणतात, कुणी नुसते लाख. छत्तीसगडात त्याचे नाव तिवरा आणि उत्तरेकडे खेसारी.

या पिकाचे काहीच वाया जात नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, ती वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवली जाते, दाण्यांची डाळ होते, डाळीचे वडे होतात, आणि उरलेले कुटार गुरे आवडीने खातात. दाण्यात साधारण २८ ते ३० टक्के प्रथिने असतात, म्हणजे तूर आणि हरभऱ्यापेक्षा अधिक. तरीही १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती करून या डाळीच्या विक्रीला मनाई करण्यात आली, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ मध्ये जी नवी नियमावली आली तिच्यातही ही मनाई तशीच ठेवण्यात आली. कारण या दाण्यात एक विष आहे, आणि ते विष खरे आहे. ते विष खरे आहे हे पूर्ण मान्य करूनच मला असे म्हणायचे आहे की आज ज्या रूपात ही बंदी आहे, त्या रूपात ती ज्यांना वाचवायला हवे त्यांना वाचवत नाही. उलट ज्या मोजमापामुळे ते वाचू शकले असते, त्या मोजमापाची वाटच ती बंद करते.

विष नेमके काय करते, हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण या वादात दोन्ही बाजूंनी फार ढोबळ बोलले जाते. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सरमा या संशोधकांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. त्याचे लांबलचक रासायनिक नाव आता ओडॅप या आद्याक्षरांनी ओळखले जाते. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांच्यापैकी हे नव्हे. वनस्पती ते स्वतःसाठी तयार करते. पण त्याचा आकार आपल्या मेंदूतील एका अत्यंत महत्त्वाच्या रेणूशी, ग्लुटामेटशी, जुळतो, आणि सगळा अनर्थ या साम्यातून होतो.

ग्लुटामेट हा चेतापेशींमधला निरोप्या आहे. एका पेशीने तो सोडायचा, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाने तो घ्यायचा, क्षणभर पेशीचे दार उघडायचे, निरोप पोहोचला की आजूबाजूच्या आधारपेशींनी ग्लुटामेट उचलून न्यायचे आणि दार पुन्हा मिटायचे, असा हा क्रम सेकंदाच्या अगदी लहान भागात पुरा होतो. ओडॅप त्याच ग्राहकावर जाऊन बसते आणि दार उघडते; मात्र ग्लुटामेट ज्या तत्परतेने उचलले जाते, त्या तत्परतेने ते हलत नाही. दार उघडे राहिले की सोडियम आत येते, त्याच्यामागून कॅल्शियमचा लोंढा येतो. जिवंत पेशी आपल्या आतले कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत हजारो पटींनी कमी राखत असते, आणि ते तसे राखण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करत असते. हा बांध फुटला की प्रथिने तोडणारी आणि पटले विरघळवणारी विकरे, जी एरवी आवर घालून ठेवलेली असतात, ती मोकळी सुटतात. पेशी उत्तेजित होऊन होऊन मरते.

एवढ्यावरही हे थांबत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की ओडॅपमुळे मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीच्या साखळीचा पहिला दुवाच अडतो. म्हणजे कॅल्शियम बाहेर फेकण्यासाठी पेशीला सर्वांत जास्त ऊर्जा हवी असते, नेमक्या त्याच वेळी तिची चूल विझू लागते. शिवाय सिस्टिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल पेशीत आणणारी एक वाट ओडॅप अडवते. सिस्टिन आले नाही की ग्लुटाथायोन तयार होत नाही, आणि ग्लुटाथायोन हे पेशीचे ऑक्सिडीकरणाच्या इजेपासूनचे घरचे संरक्षण आहे. यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते: लाखोळीच्या प्रथिनात मुळातच गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. जो माणूस फक्त लाखोळीवर जगतो, तो पेशीवर घाव घालणारे द्रव्यही खातो आणि तो घाव सोसण्याची सामग्रीही गमावतो. जो लाखोळीबरोबर भात, ज्वारी किंवा गहू पुरेसा खातो, त्याला ती सामग्री धान्यातून मिळत राहते. या विषाने पाय लुळे पडण्याचा जो रोग होतो, त्याच्या इथिओपियातील साथींनंतर झालेल्या अभ्यासांतही असेच आढळले की डाळीत धान्य मिसळून, आणि कांदा, लसूण, आले घातलेल्या कालवणातून ती खाणाऱ्या घरांत धोका कमी होता.

शरीरातल्या सगळ्याच पेशींवर हा घाव सारखा बसत नाही. मेंदूच्या पृष्ठभागापासून निघून थेट कमरेच्या मज्जारज्जूपर्यंत जाणारे, पायांच्या स्नायूंना हुकूम पोहोचवणारे जे सर्वांत लांब तंतू असतात, ते आणि त्यांच्या पेशी प्रथम बळी पडतात. म्हणून रोग पायांचा होतो. बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो, हात बहुधा ठीक राहतात. एखाद्या सकाळी पोटऱ्या ताठल्यासारख्या वाटतात, गुडघे वाकत नाहीत, चालताना टाचा टेकत नाहीत आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवरून जाऊ लागतात. भारतीय डॉक्टरांनी या रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरूनच मोजल्या आहेत: काठीविना लंगडणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर भार देऊन खुरडत जाणारा. या पायऱ्या उतरायला कधी महिने लागतात, कधी एका रात्रीत दोन पायऱ्या उतरतात. डाळ बंद केली तर रोग पुढे सरकत नाही, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. विशी-पंचविशीत पाय गेलेला माणूस पुढची चाळीस वर्षे त्याच पायरीवर काढतो. स्त्रियांपेक्षा तरुण पुरुष यात अधिक सापडतात, आणि त्यांतही अंगमेहनतीचे काम करणारे.

या रोगाची ओळख नवी नाही. सुश्रुताने वातव्याधींमध्ये कलायखंज सांगितला आहे: पाऊल उचलताना ज्याला कंप सुटतो आणि जो लंगडल्यासारखा चालतो, असा रोगी. सोळाव्या शतकातील भावमिश्राने त्रिपुट या कडधान्याला लंगडेपण आणणारे म्हटले आहे. जर्मनीतील व्युर्टेमबेर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये लाखोळीचे पीठ पावात घालण्यास मनाई केली. नेपोलियनच्या सैन्याविरुद्धच्या युद्धकाळात माद्रिदमध्ये दुष्काळ पडला तेव्हा स्पेनचा चित्रकार गोया याने लाखोळीच्या लापशीसाठी गोळा झालेली माणसे कोरून ठेवली, आणि त्या चित्रात एक बाई जमिनीवर आडवी पडलेली आहे, तिला उठता येत नाही. या सगळ्या नोंदींत मला सर्वांत बोलकी वाटते ती ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमन याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेली सागर जिल्ह्याची हकीकत. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पावसाने दगा दिला, १८३१ मध्ये तांबेरा पडला. तिन्ही वर्षे गव्हात आपोआप उगवणारी तिवरा मात्र तरारून आली, आणि एरवी गुरांना घालायची ती लोक स्वतः खाऊन जगले. १८३३ मध्ये तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली.

तीन वर्षे पिके गेली, आणि मग पाय गेले, हा क्रम विसरून चालणार नाही. १९४२-४३ मध्ये रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम लाखोळी खायला दिली जात होती. काही महिन्यांतच शेकडो कैदी लुळे पडू लागले, आणि त्यांच्यातलेच एक डॉक्टर, आर्थर केस्लर, यांनी कारण ओळखले. मध्य प्रदेशातील रेवा आणि सतना भागात तर हे युद्धाशिवाय आणि दुष्काळाशिवायही घडत राहिले, कारण तिथले जमीनमालक बांधील शेतमजुराला मजुरी म्हणून हेच धान्य मोजत. ते स्वस्त होते, आणि मजुराला नको म्हणण्याची सोय नव्हती. रेवा संस्थानात १९०७ मध्येच खेसारीवर बंदी आली होती. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षे तिथे हजारो माणसे पंगू होत राहिली. कागदावर बंदी होती, पण मजुरीच्या मापात खेसारीच होती.

या इतिहासातून वैद्यकाने काढलेला निष्कर्ष सरळ आहे. लाखोळी जेव्हा माणसाच्या एकूण आहाराचा साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून मोठा भाग होते आणि तशी सलग तीन-चार महिने किंवा अधिक राहते, तेव्हा हा रोग उद्भवतो. दाण्यातील ओडॅपचे प्रमाण वाणानुसार ०.१ टक्क्याहून कमी असते किंवा एक टक्क्याच्याही वर जाते. आपण मध्यम, अर्धा टक्का धरू. वाप्नियार्कातल्या मापाने दिवसाला ४०० ग्रॅम डाळ खाणाऱ्याच्या पोटात रोज दोन ग्रॅम विष जाते. आठवड्यातून एखाद्या दिवशी पन्नास ग्रॅम डाळीचे वडे खाणाऱ्याच्या वाट्याला त्या संपूर्ण आठवड्यात पाव ग्रॅम येते, आणि तेही डाळ न भिजवता वाटली तर. माझ्या आठवणीत आमच्या घरी वड्यांची डाळ रात्रभर भिजत असे, सकाळी ते पिवळसर पाणी मोरीत ओतले जाई, डाळ पुन्हा दोन पाण्यांतून निघे आणि मगच पाट्यावर चढे. ओडॅप पाण्यात विरघळते. भिजवून पाणी फेकले, किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, की त्याचा मोठा भाग निघून जातो. घरातल्या बायकांना ओडॅपचे नाव ठाऊक नव्हते, पण पाणी फेकायचे हे पक्के ठाऊक होते. मात्र ज्या वर्षी सरपण नसते, पाणी कोसावरून आणावे लागते आणि भूक थांबू देत नाही, त्या वर्षी भिजवणे आणि ओतणे हे दोन्ही गळून पडते, हेही तितकेच खरे आहे.

आता बंदीकडे पाहू. बंदी विक्रीवर आहे. शेतकरी पीक घेतच राहिला, कारण धानानंतरच्या ओलीवर इतक्या कमी खर्चात येणारे दुसरे पीक त्याच्याजवळ फारसे नव्हते. तो घरी खातो आणि उरलेली विकतो. उघड बाजारात तिला स्वतःच्या नावाने भाव नाही, म्हणून ती पडत्या भावात व्यापाऱ्याकडे जाते, आणि तिथून तुरीच्या डाळीत व हरभऱ्याच्या बेसनात मिसळली जाते. ही भेसळ ओळखायला फार मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. मूठभर तूर डाळ पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली, तर तुरीच्या गोलसर फाकींमध्ये एखादी पाचरीसारखी, एका बाजूने उतरती आणि दुसऱ्या बाजूने चौकोनी दिसणारी फाक डोळ्यांत भरते; ती लाखोळीची. बेसनात ती डोळ्यांना दिसत नाही, तिथे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने येणारा गुलाबी रंग तपासावा लागतो. म्हणजे बंदीचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला की पुण्या-मुंबईचा ग्राहक जे खातो ते त्याला ठाऊक नाही, आणि गोंदियाचा शेतकरी जे पिकवतो त्याचे दाम त्याला मिळत नाही. मधल्या फरकाचे पैसे भेसळ करणाऱ्याच्या खिशात जातात. आणि ज्या मालाला अधिकृत अस्तित्वच नाही, त्यात ओडॅप किती आहे हे कोण मोजणार आणि कशासाठी?

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला आहे. त्यांच्या मांडणीतला एक धागा मला पूर्णपणे पटतो: पूर्व विदर्भातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ही डाळ भाताबरोबर, भाजीबरोबर खाल्ली गेली आणि तिथे पांगळ्यांची गावे उभी राहिली नाहीत, हा अनुभव शास्त्राने बाजूला सारण्यासारखा नाही. पण त्याच अनुभवावरून ही डाळ निर्धोक आहे असे जे सरसकट बोलले जाते, ते मी स्वीकारू शकत नाही. आपल्याकडे माणसे वाचली, ती ताटात भात होता म्हणून. रेव्याच्या मजुराच्या ताटात भात नव्हता. विष तेच होते. आपल्या सुदैवाला दाण्याचा गुण समजणे ही चूक आहे, आणि ती दुष्काळाच्या वर्षी फार महागात पडू शकते.

बंदी उठवावी म्हणणाऱ्यांचा आजचा मुख्य आधार म्हणजे कमी विषाचे वाण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रतन हे वाण तयार केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने प्रतीक आणि महातिवरा ही वाणे दिली. यांच्यात ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली राहते. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने या तिन्ही वाणांसाठी बंदी उठवण्याची शिफारस केली, तेव्हा आमच्याकडे मोठा आनंद झाला होता. मी तो आनंद समजू शकतो. तरीही बियाण्याच्या पिशवीवर छापलेला आकडा हा दाण्यातला आकडा नव्हे, हे शेतकऱ्याला आणि सरकारला दोघांनाही स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

याची कारणे वनस्पतीतच आहेत. लाखोळी मुख्यतः स्वतःच्याच परागाने फळते, पण निळ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि शेजारच्या बांधीत जुने वाण असेल तर काही दाणे संकरित होतात. घरचे बी घरीच राखून दोन-चार हंगाम पेरले, की कमी विषाचा गुण पातळ होत जातो. दुसरे कारण जमिनीचे आहे. जमिनीत जस्त कमी असेल तर दाण्यातील ओडॅप वाढते असे प्रयोगांत आढळले आहे, आणि धानाच्या खाचरांत, जिथे पाणी महिनोन्‌महिने उभे असते, तिथे जस्ताची कमतरता ही नेहमीची तक्रार आहे. धानावर पडणारा खैरा हा रोग त्याचाच. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. झाडाला पाण्याचा ताण बसला की ते ओडॅप अधिक तयार करते. म्हणजे ज्या वर्षी बाकीची पिके जातात, लाखोळी एकटी उभी राहते आणि माणसे तिच्यावर विसंबतात, नेमक्या त्याच वर्षी तिच्या दाण्यात विष सर्वाधिक असण्याची शक्यता असते. पावसाने दगा दिला त्या सागरच्या १८३० मध्ये काय झाले असेल, याचा एक मोठा भाग या एका वाक्यात आहे.

दाण्यात विष आहे म्हणून विक्रीच नको, हा तर्क आपण इतर अन्नांना लावत नाही. उपासाचा साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो, त्या कंदात लिनामारिन नावाचे संयुग असते. कंद कापला किंवा कुस्करला की त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटते, आणि ते पेशीच्या श्वसनाचे शेवटचे विकर जाम करून पेशीला ऑक्सिजन असतानाही गुदमरवते. कंद किसणे, धुणे, स्टार्च निवळून घेणे आणि भाजणे या प्रक्रियेत ते निघून जाते, म्हणून एकादशीला आपण निर्धास्त असतो. आफ्रिकेत काँगोसारख्या देशांत दुष्काळाच्या दिवसांत कडू कसावा पुरेसा न भिजवता खाल्ला जातो, तेव्हा कोन्झो नावाचा रोग होतो. त्याची लक्षणे लाखोळीच्या रोगासारखीच आहेत, म्हणजे पाय ताठतात आणि परत सुटत नाहीत. तिथेही आहारात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असणे हे रोगाचे एक कारण मानले जाते. कच्च्या राजम्यातील लेक्टिन आतड्याच्या पेशींना चिकटून उलट्या-जुलाब घडवते, म्हणून राजमा भिजवून पाणी फेकून पूर्ण उकळतात. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन जीवघेणे ठरू शकते, पण ते जिभेला लगेच कळते. या सगळ्यांबाबत समाजाने आणि कायद्याने प्रक्रियेवर भर दिला, पिकावर नव्हे.

ही तुलना मी करतो, पण तिची मर्यादाही मला दिसते. दुधीचा कडूपणा सावध करतो, राजमा काही तासांत पोट बिघडवून सांगतो. ओडॅपला कडू चव नाही, आणि ते पहिल्या आठवड्यात काही सांगत नाही. ते महिने घेते आणि मग एकदाच, कायमचे सांगते. म्हणून लाखोळीला राजम्याप्रमाणे नुसती घरच्या शहाणपणावर सोडता येणार नाही. बंदी हटवायची असेल तर तिच्या जागी काहीतरी यावे लागेल, आणि ते बंदीपेक्षा जास्त कष्टाचे असेल. मला तरी तेच हवे आहे.

विक्री खुली करावी ती तिच्या स्वतःच्या नावाने. पाकिटावर लाखोळी असे स्पष्ट छापलेले असावे, आणि इतर कोणत्याही डाळीत वा बेसनात ती सापडली तर आजच्याइतकीच, किंबहुना अधिक कडक कारवाई व्हावी. गिरणीत येणाऱ्या प्रत्येक लॉटमधील ओडॅप मोजले जावे. त्यासाठी रंगमापकावर चालणारी साधी पद्धत गेली कित्येक दशके उपलब्ध आहे आणि जिल्हा पातळीवरची कोणतीही अन्नप्रयोगशाळा ती करू शकेल. बियाणे दर दोन-तीन वर्षांनी बदलून मिळावे आणि ते गावातील सगळ्यांना एकाच वेळी मिळावे, नाहीतर मधमाश्या एका शेताचे दुसऱ्या शेतात नेणारच. धानासाठी झिंक सल्फेटची जी शिफारस कृषी विभाग करतोच, ती उतेऱ्याच्या बांध्यांत आवर्जून पाळली जावी, कारण इथे ते खत उत्पादनासाठी तर आहेच, पण खाणाऱ्याच्या पायांसाठीही आहे. शाळेच्या पोषण आहारात किंवा रेशनवर ही डाळ एकमेव डाळ म्हणून कधीही दिली जाऊ नये, तिचा भाव कितीही उतरला तरी. स्वस्त म्हणून गरिबाच्या ताटात फक्त हीच वाढली गेली, तर रेव्याच्या जमीनमालकाने जे केले तेच सरकारी शिक्क्याने होईल. धान्यरूप मजुरी जिथे अजून चालते, तिथे लाखोळीचे माप त्यात धरणे हा गुन्हाच राहिला पाहिजे.

आणि दुष्काळाच्या वर्षासाठी वेगळी तयारी हवी. ज्या तालुक्यात धान गेले आणि लाखोळी उभी राहिली, तिथे मळणीच्या वेळीच दाण्यांचे नमुने तपासले गेले पाहिजेत आणि त्याच महिन्यात रेशनवर जादा तांदूळ-गहू पोहोचला पाहिजे, म्हणजे डाळ भाताबरोबर खाल्ली जाईल, भाताऐवजी नव्हे. आशाताईंना पोटऱ्या ताठल्याची, टाच टेकत नसल्याची तक्रार ओळखायला शिकवणे अवघड नाही. पहिल्या पायरीवरच्या माणसाची डाळ त्याच दिवशी थांबली, तर तो काठीविना चालत राहू शकतो. ही बातमी महिनाभर उशिरा पोहोचली, तर त्याच्या हातात काठी आलेली असते.